उपकारस्मरण आणि मिंधेपणा : मराठी ख्रिस्ती कुटुंबजीवनातील कृतज्ञतेचा विचार

कृतज्ञता हा गुण सर्वच धर्मपरंपरांनी वाखाणला आहे. त्यामुळे तिच्या स्वरूपाचा स्वतंत्र विचार करण्याची गरज सहसा भासत नाही. परंतु एखाद्या समाजाने नवा धर्म स्वीकारावा, त्या धर्माबरोबर कृतज्ञतेची एक निराळी कल्पना त्याच्या घरात यावी, आणि ती व्यक्त करण्यासाठी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची जुनीच भाषा हाताशी असावी, अशा वेळी त्या भाषेत आणि त्या घरात काय घडते, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात त्याला आणखी एक धार आहे. या समाजाकडून कृतज्ञतेची अपेक्षा अनेकांनी केली. देवाचे आभार मानावेत असे धर्माने सांगितले. आपले उपकार स्मरावेत असे काही वेळा मिशननेही गृहीत धरले. तर सोडून आलेल्या घराने कृतघ्नतेचा ठपका ठेवला. या तिहेरी पेचात कृतज्ञता आणि मिंधेपणा यांतील भेद राखणे हे मराठी ख्रिस्ती माणसाचे रोजच्या जगण्यातले काम होऊन बसले. ते काम मराठी वाङ्मयाने, विशेषतः स्त्रियांच्या आत्मपर लेखनाने, कसे केले याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शब्दांचा विचार

कृतज्ञतेसाठी मराठी बायबलमध्ये जे शब्द रूढ झाले ते लक्षणीय आहेत. नव्या करारातील पत्रांत 'उपकारस्तुती' हा शब्द येतो, तर स्तोत्रसंहितेत 'उपकारस्मरण' हा शब्द वारंवार भेटतो. हिंदी बायबलमध्ये याच ठिकाणी प्रायः 'धन्यवाद' हा शब्द आढळतो आणि उर्दू वळणाच्या मसीही बोलीत 'शुक्रगुजारी' हा शब्दही प्रचलित आहे.

हा फरक मराठी-हिंदी सीमेवर अधिक स्पष्टपणे जाणवतो. १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे होती, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ती एकाच राज्यकारभाराखाली राहिली. त्याआधी १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्या काळापासून तेथे मराठी वस्तीही आहे. पाळकांना शिक्षण देणारे लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजही याच शहरात आहे. जबलपूरच्या मंडळ्यांची उपासना मुख्यत्वे हिंदीत चालते. अशा शहरात घरी मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब राहत असेल, तर त्याच्या कानी रविवारी 'धन्यवाद' पडतो आणि घरच्या मराठी शास्त्रपाठात 'उपकारस्मरण'. एकच धर्म, एकच वचन. पण दोन शब्द दोन निराळ्या कृती सुचवितात. 'धन्यवाद' म्हणजे धन्य म्हणणे. ती वाणीची कृती आहे. 'शुक्रगुजारी' म्हणजे आभार सादर करणे. तीत दरबारी आदबीची छटा आहे. 'उपकारस्मरण' ही मात्र चित्ताची कृती आहे. ती एका क्षणात उरकत नाही.

मूळ भाषांकडे वळले असता हा निवडीचा प्रश्न अधिक उलगडतो. हिब्रू स्तोत्रांत ज्या क्रियापदाने देवाचे आभार मानले जातात, त्याच्या अर्थात मान्य करणे, कबूल करणे आणि स्तवन करणे या तिन्ही छटा आहेत. लॅटिन अनुवादाने त्यांपैकी कबुलीची छटा उचलली आणि 'कॉन्फितेरी' हे क्रियापद योजले. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या संत ऑगस्टीनच्या आत्मकथनाचे 'कन्फेशन्स' हे नाव याच क्रियापदापासून आले असून, पापाची कबुली आणि देवाचे स्तवन हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. ग्रीक नव्या करारातील 'युखारिस्तिया' हा शब्द मात्र कृपावाचक 'खारिस' या धातूशी जोडलेला आहे. तेथे कृपा आणि कृतज्ञता ही एकाच मुळाची दोन रोपे ठरतात. प्रभूच्या मेजासाठी पुढे हेच नाव रूढ झाले. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने त्या विधीला 'प्रभुभोजन' म्हटले. त्यामुळे आभाराचा उच्चार नावातून मागे पडला, पण भोजन पुढे आले, आणि मराठी घराच्या दृष्टीने ही देवाणघेवाण निष्फळ म्हणता येणार नाही.

मराठीत 'उपकार' या शब्दाभोवती आधीच एक मोठा संसार उभा होता. उपकार 'फेडले' जातात, उपकारातून 'उतराई' व्हावे लागते, आईबापांचे 'पांग' फेडायचे असतात. तैत्तिरीय संहितेपासून चालत आलेली ऋणांची कल्पना या वाक्प्रयोगांच्या मुळाशी आहे. 'आभार' या नित्याच्या शब्दातही 'भार' ऐकू येतो. फेडता न आलेल्या उपकाराखाली मान वर करता येत नाही, तेव्हा माणूस 'मिंधा' होतो. हा शब्द मराठी मनाला चांगलाच झोंबणारा आहे. याउलट ख्रिस्ती शिकवणीत देवाची कृपा ही मुळातच न फेडता येणारी आणि फेडीची अपेक्षा न करणारी मानली आहे. ती फक्त आठवायची असते. 'उपकारस्मरण' या शब्दाने ऋणाच्या भाषेतील 'उपकार' घेतला आणि त्यापुढील 'फेडणे' काढून तेथे 'स्मरण' ठेवले. भक्तिपरंपरेतील नामस्मरणाच्या सान्निध्यात हा शब्द परका वाटला नाही. भाषांतराच्या इतिहासातील ही लहानशी घटना दिसते. तिचा परिणाम मात्र घराघरांत पोचला.

२. घरातील आचार

मराठी ख्रिस्ती घरातील उपकारस्तुतीचे आचार साधे आहेत. जेवणापूर्वी कुटुंबातील एखादी व्यक्ती, पुष्कळदा लहान मूल, चार वाक्यांची प्रार्थना करते. संध्याकाळी कौटुंबिक उपासनेत शास्त्रपाठ, एखादे गीत आणि प्रार्थना होते. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात नारायण वामन टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती घरात पाठ झाली आहेत. आजारातून उठणे, परीक्षेतील यश, नव्या घरातील प्रवेश, विवाहाचा वाढदिवस अशा प्रसंगी आप्तेष्टांना आणि पाळकांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात आणि शेवटी चहा-फराळ किंवा जेवण होते.

या आचारांत जुने आणि नवे कसे मिसळले आहे हे पाहण्याजोगे आहे. समर्थ रामदासांच्या नावे प्रचलित असलेला भोजनश्लोक महाराष्ट्रात सर्वत्र म्हटला जातो. त्यामुळे अन्नासमोर क्षणभर थांबण्याची सवय मराठी घराला नवी नव्हती. नवे होते ते प्रार्थनेचे रूप. ठरीव श्लोकाऐवजी स्वतःच्या शब्दांत, त्या दिवसाचा उल्लेख करून बोलावयाचे होते. घरातील सुनेला किंवा दहा वर्षांच्या मुलीलाही सर्वांदेखत मोठ्याने, आपल्या शब्दांत बोलण्याची संधी या प्रथेने दिली, हे तिचे सामाजिक फल कमी महत्त्वाचे नाही.

शेतीशी जोडलेल्या आचारांत स्थानिक रूपे अधिक ठळक आहेत. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा होतो आणि नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित केल्या जातात. गोव्यात कणसांचे फेस्त ऑगस्ट महिन्यात येते. आशीर्वादित कणसे घरी नेण्याची चाल पाहिली म्हणजे दसऱ्यादिवाळीच्या सुमारास दाराला नव्या धान्याच्या लोंब्या बांधणाऱ्या शेजारच्या हिंदू घराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात आभारप्रदर्शनाच्या अर्पणाविषयी असा नियम आहे की, त्या अर्पणातील मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे, सकाळपर्यंत ठेवू नये. एकट्याला ते शक्य नाही. म्हणजे आभाराच्या अन्नाला पंगत लागतेच. मराठी उपकारस्तुतीच्या प्रार्थनेनंतरची पंगत या नियमाच्या आशयाशी नकळत जुळते.

३. मिंधेपणाचा प्रश्न

मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात देणगीच्या व्यवहारात देणे, घेणे आणि परत करणे अशी तीन बंधने दाखविली. जोनाथन पॅरी यांनी १९८६ मध्ये हिंदू दानकल्पनेच्या आधारे या मांडणीचा पुनर्विचार करून, दानाची परतफेड होऊ नये असाच तेथे दंडक असल्याचे दाखविले. मराठी ख्रिस्ती अनुभव या दोहोंच्या मध्ये उभा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनांनी अनेकांना, विशेषतः अनाथ मुलांना, आधार दिला. देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा नसली तरी घेणाऱ्यावर 'पोटासाठी बाटले' हा शिक्का समाज मारीत असे. म्हणजे जे अन्न देवाची कृपा म्हणून आठवायचे, तेच अन्न शेजाऱ्यांच्या तोंडी मिंधेपणाचा पुरावा होई.

या पेचाला सर्वांत स्पष्टपणे सामोऱ्या गेल्या त्या पंडिता रमाबाई (१८५८-१९२२). २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची लहान कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनींनी या मायलेकींना आसरा दिला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात 'आजीबाई' असे घरगुती संबोधन येते. कृतज्ञता व्यक्त करण्याची ही अस्सल मराठी रीत आहे. उपकारकर्त्याला औपचारिक आभार न देता नाते देणे, ही ती रीत होय. परंतु ख्रिस्ती मतांविषयी आणि मनोरमेच्या धार्मिक शिक्षणाविषयी निर्णय कोणी घ्यावयाचा, हा वाद उभा राहिला तेव्हा रमाबाईंनी आपल्या सदसद्विवेकाचा अधिकार सोडला नाही. आजीबाईंचे ऋण मान्य करायचे, पण लेकीविषयीचा आणि श्रद्धेविषयीचा शेवटचा शब्द आपला ठेवायचा, अशी त्यांची भूमिका होती. वाँटेजच्या बाजूने तिचा अर्थ काही वेळा हट्ट किंवा कृतघ्नता असा लावला गेला. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या या पत्रव्यवहारात कृतज्ञतेची मर्यादा कोठे संपते आणि मिंधेपणा कोठे सुरू होतो, याची चर्चा जणू पानापानांवर चालली आहे. पुढे दुष्काळाच्या काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून त्यांना आसरा देताना, आणि केडगावचे मुक्ती सदन उभारताना, घेणाऱ्याची बाजू अनुभवलेली ही स्त्री देणारी झाली होती. दुष्काळाच्या हालांत आईवडील गमावल्याची आठवण तिच्यापाशी होतीच.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचण्यास सुचविले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे जागा होती. मिशनविषयी त्यांच्या मनात वैर नव्हते. परंतु वेतन आणि कृतज्ञता एकमेकांत गुंतली की भक्तीचा सूर बिघडतो, ही जाणीव या निर्णयामागे असावी. तुकोबांच्या अभंगांतून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे मानणाऱ्या या कवीला, देवाचे उपकार आणि संस्थेचे उपकार वेगळे राखणे अगत्याचे वाटले यात नवल नाही.

४. 'स्मृतिचित्रे' : घरातली जमाखर्चाची वही

टिळकांच्या निर्णयांची किंमत घरात कोणी मोजली, हे लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनातून कळते. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले, आणि त्या आठवणींचाच स्वतंत्र ग्रंथ झाला. १९३४ पासून तो भागशः प्रसिद्ध झाला.

कृतज्ञतेच्या अंगाने हा ग्रंथ वाचला असता पहिली गोष्ट जाणवते ती अशी की, कृतज्ञतेची सुरुवात देण्याने होत नाही, घेण्याने होते; आणि घेणे हेच पुष्कळदा अवघड असते. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके वाढले की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे. मीठसाखरही यातून सुटत नसे. जेथे दुसऱ्याच्या हातून आलेली प्रत्येक वस्तू विटाळाच्या संशयाने पाहिली जाते, तेथे आभाराला वाव कोठून राहणार? पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या त्यांच्याकडे आल्या तेव्हाही प्रारंभी त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. त्यांच्या मनातून आधी जातिभेदाचा विचार गळून पडला. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये झाला. म्हणजे कोणाच्याही हातचे पाणी निःशंकपणे घेणे ही त्यांच्या बाबतीत ख्रिस्ती उपकारस्तुतीची पूर्वअट ठरली. तिच्याविना जेवणापूर्वीची प्रार्थना केवळ शब्दांची राहिली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे कृतज्ञता आणि तक्रार यांचे सहजीवन. टिळक उदार होते. हातचे देऊन टाकावे, पाहुणा घरी आणावा, अनाथ मूल दारी आले तर ठेवून घ्यावे, हा त्यांचा स्वभाव. बालकवी ठोमरे यांच्यावर या घराने मुलासारखी माया केली. ते हिंदूच राहिले, आणि त्या मायेत त्यामुळे उणे पडले नाही. परंतु प्रत्येक पाहुण्यामागे एक पान वाढायचे असते आणि ते लक्ष्मीबाई वाढीत. जगाने आभार मानले ते टिळकांचे. 'स्मृतिचित्रे' हा अदृश्य जमाखर्च विनोदाच्या अंगाने मांडतो. पतीचा अव्यवहारीपणा, त्यांचा संताप, घरातील ओढाताण यांतील काही लपविलेले नाही. तरीही ग्रंथभर पतीविषयीचा आदर आणि प्रेम ओसरत नाही. धर्मोपदेशाच्या भाषेत पुष्कळदा असे सुचविले जाते की, खरी कृतज्ञ व्यक्ती कुरकुर करीत नाही. लक्ष्मीबाईंचे लेखन याला उत्तर देते. जे सोसले ते पुसून टाकून केलेली उपकारस्तुती ही अर्धे विसरण्यावर उभी असते, आणि 'उपकारस्मरण' या शब्दाला विसरणे मानवत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, लक्ष्मीबाईंच्या स्मरणात सोडून आलेले घर टाकून दिलेले नाही. विरहाच्या काळात ज्यांनी त्यांना सांभाळले ती बहीण भिकुताई आणि इतर आप्त हिंदू होते. त्यांचा उल्लेख त्या ममत्वाने करतात. नव्या धर्माचा गौरव करण्यासाठी जुन्या माणसांना काळे करण्याची धर्मांतरकथांतील सर्वपरिचित रीत त्यांनी स्वीकारली नाही. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानण्यासाठी एकटाच परत फिरतो. तो परक्या समाजाचा, शोमरोनी असतो. त्या कथेत कृतज्ञतेचे श्रेय आपल्या गोटाबाहेरच्याला दिले आहे. लक्ष्मीबाईंनी हा धडा व्याख्यानाविना गिरविला, असे म्हणता येईल.

५. समारोप

ऑगस्टीनचे आत्मकथन देवाला उद्देशून आहे. त्यात माणसे येतात ती देवाच्या योजनेतील साक्षीदार म्हणून. 'स्मृतिचित्रे' वाचकांशी बोलते, आणि त्यात देव येतो तो बहुधा माणसांच्या मागून, स्वयंपाकघर, प्रवास, भाडोत्री घरे, आजारपणे यांच्या आडून. हिब्रू स्तोत्रांतील एकाच क्रियापदाला लॅटिनने कबुलीचे वळण दिले आणि मराठीने स्मरणाचे. पुढे एका परंपरेतील आत्मकथनाला कबुलीचे नाव मिळाले आणि दुसऱ्या परंपरेतील श्रेष्ठ आत्मकथनाला स्मृतीचे. यांत सरळ कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. तरीही आपल्या भाषेने कृतज्ञतेला जो शब्द दिला, त्याच शब्दाच्या दिशेने तिचे वाङ्मय चालत गेले, हे साम्य विचारात घेण्यासारखे आहे.

या परंपरेचे लेखनही कुटुंबातच पुढे सरकले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्याचा शेवट देवदत्तांनी केला. एकाने आरंभलेले दुसऱ्याने तिसऱ्यासाठी चालू ठेवणे ही उपकार 'फेडण्या'ची रीत नव्हे, ती उपकार पुढे देण्याची रीत आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, तेव्हा मराठी भाषेनेही ख्रिस्ती लेखकांचे आपल्यावरील ऋण काही अंशी आठवले, असे म्हणावयास हरकत नाही.

मिंधेपणात घेणारा लहान होतो आणि देणारा मोठा; म्हणून मिंधा माणूस उपकार विसरू पाहतो. उपकारस्मरणात दोघेही कोणा तिसऱ्याच्या कृपेचे वाटेकरी ठरतात. म्हणून तेथे आठवणे जड जात नाही, मतभेद कृतघ्नता ठरत नाहीत आणि तक्रारीलाही जागा उरते. मराठी ख्रिस्ती घराने हा भेद जेवणाच्या पाटावर, पत्रांतील संबोधनांत आणि आठवणींच्या वहीत जपला. जबलपूरसारख्या शहरात दोन भाषांमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी 'धन्यवाद' आणि 'उपकारस्मरण' हे दोन्ही शब्द येत असतील, तर पहिल्याने त्याला बोलायला शिकविले आणि दुसऱ्याने आठवायला, असे समजावे. घरातील कृतज्ञतेला या दोन्ही गोष्टी लागतात.